जे आम्ही निवडलंच नव्हतं

त्या काळात एखादं जहाज दुरुस्तीसाठी सिंगापूरला येणार असलं, की त्याची माहिती आमच्या ऑफिसात चार ठिकाणी असायची आणि चारही ठिकाणी वेगळी असायची. थोडी माझ्या एक्सेलच्या फाइलमध्ये, थोडी शेजारच्या टेबलावरच्या सहकारणीच्या पांढऱ्या फळ्यावर, थोडी डायरेक्टरसाहेबांच्या ईमेलमध्ये, आणि उरलेली कुणाच्या तरी मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर. ऑफिस पाया लेबारला होतं. खाली वर्कशॉप, वर आम्ही. जहाजांच्या देखभालीचं वेळापत्रक सांभाळणं हे आमचं काम. कोणतं जहाज कधी येतं, त्यातलं कोणतं यंत्र उघडायचं, सुटा भाग वेळेवर पोचतो की नाही, हे सगळं बघायचं.

एकदा एका जहाजावर तपासणीला माणूस पाठवायचा होता. मी समजले, सहकारणीने बोट ठरवली असेल. तिला वाटलं, मी ठरवली असेल. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं, वर चीफ इंजिनियर वाट बघत राहिला आणि कुणीच गेलं नाही. वरून साहेबांना बोलणी बसली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की रोजचं काम नीट लावण्यासाठी एक चांगलं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि ते कोणतं घ्यायचं हे ठरवायला एक कमिटी नेमायची. कमिटीची प्रमुख मी.

साहेब उत्तर भारतातले होते. पुष्कळ वर्षांपूर्वी सिंगापूरला येऊन इथलेच झालेले. आम्हा भारतीयांशी हिंदीत बोलायचे, आणि त्या हिंदीत एक आपलेपणा असायचा, जो मला पहिल्या दिवसापासून टोचत आला होता. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. आडनावावर जरा थांबले आणि म्हणाले, "मतलब, महाराष्ट्र में कौन लोग?" मी म्हटलं, "इंजिनियर लोग, सर." ते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात शिकून नावापुढे काहीतरी लावणारी आमची पहिलीच पिढी. आडनाव ऐकून माणूस जरा थांबला, की ते थांबणं कसलं आहे हे आम्हाला फार लहानपणापासून कळतं.

पण कमिटीचं काम मला आवडलं, हे खरं. आम्ही तिघं होतो. मी, माझी मलाय सहकारीण, जी सगळ्या जहाजांचं वेळापत्रक बघायची, आणि कंप्युटर विभागातला एक अबोल चिनी तरुण. सॉफ्टवेअर बघायच्या आधी आम्ही माणसं बघितली. प्रत्येकाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचं आणि विचारायचं, सकाळी आल्यावर आधी काय उघडता? कशाची आठवण राहत नाही? काय दोनदा लिहावं लागतं? लोक आधी बिचकले, मग इतकं बोलायला लागले की आम्हालाच थांबवावं लागे. स्टोअर सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं."

या चौकशीतून एक गोष्ट ठळकपणे समोर आली. जहाजावर इंटरनेट नसायचं. उपग्रहावरून जेमतेम ईमेल जायची यायची, तीही छोटी. म्हणजे आम्ही घेऊ ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं, तरी जहाजावरचा माणूस त्यात डोकावू शकणार नव्हता. त्याची साधी ईमेल आली, की तिचं आपोआप काम तयार झालं पाहिजे, कुणाकडे आहे ते दिसलं पाहिजे आणि त्याला उत्तर गेलं पाहिजे.

असं एक सॉफ्टवेअर आम्हाला सापडलं. दिसायला अगदी साधं. आम्ही ते महिनाभर खऱ्या कामावर चालवून बघितलं. मदतीला एका जहाजाचा चीफ इंजिनियर तयार झाला. तो रत्नागिरीकडचा. आधी नुसती इंग्रजी ईमेल यायची. मग एकदा त्याने माझं नाव वाचून खाली रोमन लिपीत मराठी लिहिलं, आणि त्यानंतर प्रत्येक ईमेलच्या शेवटी एक मराठी ओळ असायचीच. इंजिनरूममधलं त्याचं काम संपल्यावर तो आमच्यासाठी वेगळा वेळ काढायचा. हे पाठवून बघतो, ते पाठवून बघतो, अमुक उत्तर आलं नाही, तमुक आलं. शेवटी त्याने लिहिलं, "ताई, हे चालेल. डोळे मिटून हेच घ्या."

मध्येच साहेबांनी एका दुसऱ्या सॉफ्टवेअरची माहिती आमच्याकडे सरकवली होती. "इसको भी देख लीजिए." आम्ही तेही तितक्याच इमानदारीने बघितलं. ते प्रचंड होतं. प्रत्येकाच्या नावापुढे हिरवे, पिवळे, लाल दिवे होते. पण ईमेल त्यात येत नव्हती. सगळं हाताने भरायचं. आणि त्याचा बराचसा भाग कामाबद्दल नव्हताच, तर कोण किती तास काम करतो याबद्दल होता. आम्ही अहवालात स्वच्छ लिहिलं, की हे घेऊ नये, जहाजांना याचा उपयोग नाही. खाली तिघांनी सह्या केल्या.

नंतर बरेच दिवस काही कानावर आलं नाही. मग एका दुपारी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. हेड ऑफिसमधून एक पाहुणे आले होते. केक होता. पडद्यावर हिरवे, पिवळे, लाल दिवे आले. साहेब म्हणाले, की आपल्याच लोकांच्या कमिटीने काही महिने मेहनत करून, सगळ्यांशी बोलून, हे सॉफ्टवेअर एकमताने निवडलं आहे. पुढच्या चित्रात आमची तिघांची नावं होती. माझं सगळ्यात वर. तोच मजकूर छापलेलं पत्रक सगळ्यांच्या हातात पडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी आधी सहकारणीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिच्या हातातली केकची बशी तशीच तिरकी झाली होती. कंप्युटरवाला तरुण खाली बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निर्णय बदलला म्हणून नाही. निर्णय बदलायचा हक्क साहेबांना होता. पण जे आम्ही नको म्हटलं, तेच आम्ही मागितलं असं आमच्या तोंडावर, आमच्याच माणसांसमोर सांगायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या?

पाहुणे गेल्याबरोबर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"अरे, आइए, आइए. केक खाया?"

"सर, आम्ही हे निवडलेलं नाही. घेऊ नका असं लिहून दिलंय," मी इंग्रजीतच म्हटलं.

"हां हां, पढ़ा मैंने. बहुत अच्छी रिपोर्ट है." ते खुर्चीत मागे रेलले. मग इंग्रजीत म्हणाले, की हेड ऑफिसने सगळ्या शाखांसाठी हेच आधीपासून ठरवलं होतं. वापरणाऱ्या माणसांना विचारलं, एवढं फक्त दाखवावं लागतं.

"आधीपासून? आम्हाला बसवलंत त्याच्या आधीपासून?"

"तो क्या हुआ? कमिटी ने अच्छा काम किया. आपका नाम हुआ."

इतक्या सहज म्हणाले ते. स्टोअरवाल्या गृहस्थांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. ज्या ज्या माणसाच्या शेजारी खुर्ची ओढून मी बसले होते, त्या प्रत्येकाला मी न कळता फसवून आले होते, असं या माणसाने करून ठेवलं होतं.

"माझं नाव काढा, सर. सगळ्यांना कळवा, की ही निवड कमिटीची नाही."

"ठीक है, भिजवा देंगे एक करेक्शन. इसमें इतना क्या है?" मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी अगदी सहज विचारलं, "आपका पास कब रिन्यू होना है?"

सिंगापूरला आमच्यासारख्यांचं सगळं बिऱ्हाड त्या एका पासवर, कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या परवान्यावर, उभं असतं. नवरा एका संशोधन संस्थेत होता, पण त्याचं काम मुदतीचं होतं आणि ती मुदत संपत आली होती. मुलगी पासिर रिसच्या शाळेत रुळलेली. साहेबांना हे सगळं माहीत होतं. ते धमकी देत नव्हते, नुसती चौकशी करत होते. त्याचाच मला जास्त संताप आला.

करेक्शन आलंच नाही. दर आठवड्याला मी विचारायची आणि दर आठवड्याला ते म्हणायचे, "हो जाएगा."

तोवर सॉफ्टवेअर सुरू झालं. आधी काम करायचं आणि मग काम केलं हे त्याला सांगायचं, अशी आमच्या दिवसाची फाळणी झाली. सहकारणीचा दिवा कायम लाल असायचा. कारण तिचा निम्मा दिवस जहाजांचे फोन घेण्यात जायचा, आणि फोन घेणं हे काम त्या सॉफ्टवेअरच्या यादीतच नव्हतं. साहेबांनी तिला एकदा आत बोलावून विचारलं, की तुम्ही दिवसभर काय करता? विभागातली सगळ्यात जास्त राबणारी बाई ती! बाहेर आली तेव्हा तिच्या गालांवर लाल डाग पडले होते. तिने खुर्चीत बसून एक नवीन काम तयार केलं, 'फोन उचलला', आणि लगेच ते पूर्ण झाल्याची खूण केली. मग, 'फोन खाली ठेवला'. संध्याकाळपर्यंत तिचा दिवा हिरवा झाला होता. साहेबांनी त्याबद्दल तिचं कौतुक केलं. आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं.

एके दिवशी जेवायला मी ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये हातात ट्रे घेऊन जागा शोधत होते, तेव्हा मोबाइल वाजला. रत्नागिरीचा चीफ इंजिनियर होता. कुठल्याशा बंदरातून बोलत होता. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"ताई, तुम्हीच ना? तुम्ही असं कसं केलंत हो?"

"काय केलं?"

"आता रोज एक तक्ता भरून पाठवावा लागतो. एक रकाना चुकला की परत येतो. पंप गळतोय हे सांगायला माझी अर्धी वॉच, दोन-दोन तास जातात. आणि पत्रकावर पहिलं नाव तुमचं! मी तुम्हाला सांगितलं होतं ना काय चालेल ते? माझी झोप मोडून तुम्हाला करून दाखवलं होतं."

मी तिथेच उभी होते. मागून लोक ट्रे घेऊन सरकत होते. मी म्हटलं, "दादा, आम्ही हे निवडलंच नाही. तुमचंच निवडलं होतं."

"मग तुमचं नाव कसं आलं त्यावर?"

मी सांगायला लागले, तर मलाच ते पोकळ वाटायला लागलं. साहेबांनी ते पत्रक जहाजांनाही पाठवलंय, हे मला त्याच्याकडून कळत होतं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे ताई, राहू द्या." ते 'राहू द्या' मला त्याच्या रागापेक्षा जास्त लागलं.

त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती. इथे त्या दिवशी सुट्टी असते. चोआ चू कांगला एक ताई राहायच्या, एका प्रयोगशाळेत संशोधक होत्या. त्यांच्या फ्लॅटवर आम्ही महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं जमायचो. वंदना झाली, जेवणं व्हायची होती. नवऱ्याने माझ्या ऑफिसचा विषय काढला आणि हॉलमध्ये सल्ल्यांचा पाऊस पडला. पासचं बघा. मुलीच्या शाळेचं बघा. नावाने काय होतंय, कुणी लक्षात ठेवतं का? सगळे चांगले लोक, सगळे काळजीनेच बोलत होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

ताई वाट्यांमध्ये खीर वाढत होत्या. त्यांनी न बघताच विचारलं, "तू त्यांच्याकडे मागितलंस काय? माफी?"

"नाही. नाव काढा, एवढंच."

"मग त्यांनी काढायची वाट कशाला बघतेस? नाव तुझं आहे ना?" आणि माझ्या हातात ट्रे दिला. "ने बाहेर. आणि त्या सगळ्यांना सांग, आधी जेवा."

परत येताना एमआरटीच्या गाडीत अख्खी वाट मी मनात मजकूर जुळवत होते. सिंगापूरच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं, वेळ भरपूर. मुलगी माझ्याकडे बघत होती. शाळेत उचललेल्या इथल्या इंग्रजीत, त्या 'लाह'सकट, तिने विचारलं, "मम्मी, व्हाय यू सो अँग्री, लाह?" मी म्हटलं, "कारण मी नाही म्हटलं आणि त्यांनी हो लिहिलं." ती म्हणाली, "देन टेल टीचर, लाह." मुलांचं बरं असतं.

सकाळी मी सहकारणीला मजकूर दाखवला. तिने दोनदा वाचला. "माझं नाव यात घालू नकोस," ती म्हणाली. "माझ्या घरी म्हातारे आई-वडील आहेत. पण मला कुणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही." मला ते पटलं. कंप्युटरवाल्या तरुणाने नकारार्थी मान हलवली आणि तो आपल्या स्क्रीनकडे वळला. पत्रकातलं त्याचं नाव त्याने तसंच राहू दिलं.

ईमेल छोटी होती. पत्रकात माझं नाव आहे, पण मी हे सॉफ्टवेअर निवडलेलं नाही. मी ते घेऊ नये असं लेखी दिलं होतं, आणि दुसरं सुचवलं होतं, त्याची कारणं ही. ज्यांनी चाचणीसाठी आपला वेळ दिला, त्यांच्या माहितीसाठी. पाठवायची सगळ्यांना: साहेब, हेड ऑफिसचे पाहुणे, विभागातली माणसं आणि सगळी जहाजं. मी पाठवायचं बटण दाबलं.

साहेबांनी बोलावलं. केबिनचं दार उघडंच होतं, बाहेर कर्मचारी विभागातली बाई बसली होती.

"ये क्या बदतमीज़ी है? जहाज़ों तक को भेज दिया?"

"पत्रक जहाजांना गेलं होतं, सर. म्हणून खुलासाही तिथे गेला."

"मैंने कहा था ना, करेक्शन हो जाएगा? तुम लोगों का यही प्रॉब्लेम है. हर बात में अन्याय दिखता है."

मी शांतपणे इंग्रजीत विचारलं, "कोण लोक, सर?"

ते थांबले.

"कौन लोग?" मी पुन्हा विचारलं, या वेळी हिंदीत, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. दारातून कर्मचारी विभागातल्या बाईची मान वळलेली मला दिसली. साहेबांनी समोरचे कागद उगाच सारखे केले. मग त्यांनी माझ्या सहकारणीला हाक मारली. त्यांना वाटलं असावं, की ती सांभाळून घेईल.

"कमिटीने हे सुचवलं होतं की नाही?"

ती दारातच उभी राहिली. तिचा आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते. "नाही, सर. आम्ही घेऊ नका असं लिहिलं होतं. ही खरं सांगतेय."

काही दिवसांनी हेड ऑफिसकडून एक परिपत्रक आलं. पत्रकात कमिटीच्या सदस्यांची नावं नजरचुकीने छापली गेली होती, त्याबद्दल दिलगिरी. नजरचुकीने! एवढी मोठी अक्षरं पडद्यावर झळकवली, टाळ्या घेतल्या, समुद्रावर पाठवली, ती नजरचुकीने? आज इतक्या वर्षांनीही त्या शब्दाने माझं डोकं फिरतं.

आणि सॉफ्टवेअर? ते तसंच राहिलं. माझ्या ईमेलने त्यातला एक दिवासुद्धा बदलला नाही. सहकारीण आणखी काही काळ फोन उचलल्याची आणि ठेवल्याची नोंद करत राहिली, मग एका बंदरावरच्या कंपनीत चांगल्या जागेवर गेली. माझा पास नेहमीपेक्षा कमी मुदतीचा झाला. साहेबांनी शिफारस कशी लिहिली असेल, ते मी विचारलं नाही. ती मुदत संपायच्या आत मी दुसरी नोकरी बघितली. निरोपाला साहेबांनी हात पुढे केला, मी तो हातात घेतला, पण हसले नाही. एवढं तर माझ्या हातात होतं.

त्याच सुमारास चीफ इंजिनियरचं जहाज सिंगापूरला लागलं. त्याने फोन केला, "ताई, तुमची ईमेल सगळ्यांनी वाचली. एक दिवस किनाऱ्यावर उतरायला मिळतंय, तुमच्या घरी येऊ का?" पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटवर तो आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटका, गोरा, हसरा. सोबत कुठल्याशा बंदरातले खजूर. माशाचं कालवण केलं होतं. पण पहिला घास घ्यायच्या आधी त्याने त्या तक्त्याचा विषय काढला. रकाना कुठे चुकतो, परत कसा येतो, आपण निवडलेल्यात तीच गोष्ट कशी एका ओळीत झाली असती. मी म्हटलं, ओळीत काय, विषयाच्या जागी लिहिलं असतं तरी झालं असतं! दोघेही हातवारे करून बोलायला लागलो. नवऱ्याने कालवण दोनदा गरम केलं.

मुलगी आपली ताटली घेऊन आमच्या मध्ये बसली होती. एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत ती शेवटी बाबाला म्हणाली, "बाबा, धिस अंकल ऑल्सो व्हेरी अँग्री वन, लाह."

"हो ग बाळा," उत्तर चीफ इंजिनियरनेच दिलं, "फार." आणि त्याने आणखी भात मागितला.